दिव्यांग मुलांसाठी सरकारदरबारी पाठपुरावा: कोल्हापुरातल्या पालकांनी सुरुवात कुठून करायची

आम्ही नऊ पालक पहिल्यांदा निवेदन घेऊन गेलो, तेव्हा त्यात चौदा मागण्या होत्या. थेरपिस्ट हवा, विशेष शिक्षक हवा, शाळेला रॅम्प हवा, एसटीची सवलत नीट मिळावी, पेन्शन वाढवावी, जे जे सुचलं ते सगळं. रात्री जागून टाईप करून घेतलेलं. साहेबांनी बसवून घेतलं, चहा पाजला, शांतपणे वाचलं आणि विचारलं, “ताई, यातलं माझ्या खात्याचं नेमकं कुठलं?” आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. निवेदनावर आवक शिक्का पडला, फोटो निघाला आणि पुढं वर्षभर काहीच झालं नाही. त्या साहेबांचा दोष नव्हता, हे आता कळतं. चौदापैकी अकरा गोष्टी त्यांच्या हातातच नव्हत्या.

माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळं हालचालींवर ताबा कमी. दहा महिन्यांचा झाला तरी तो बसत नव्हता. तेव्हा घरच्यांनी सांगितलं, “पोरं उशिराच करतात.” ज्यांनी ओळखायला हवं होतं त्यांनीही तेच सांगितलं. थेरपी सुरू झाली तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. मधलं दीड वर्ष मला कुणी परत देणार नाही. पण आज आमच्याच तालुक्यात एखादं बाळ दहा महिन्यांचं आहे आणि बसत नाहीये. त्याचं दीड वर्ष वाचवता येईल. त्यासाठी काय करावं लागतं, ते आम्ही ठेचा खात शिकलो. ते इथं सविस्तर लिहिते.

कायदा सहाव्या वर्षी सुरू होतो, गरज सहाव्या महिन्यात

आधी आपल्या हातात काय आहे ते बघू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगत्वं येतात. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला कलम 31 प्रमाणे वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची साधी शाळा घ्यायची की विशेष शाळा, ही निवड त्या मुलाची. कलम 17 सांगतं की शाळकरी मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करा. कलम 25 सांगतं की सगळ्या मुलांची वर्षातून निदान एकदा तपासणी करून धोक्यातली मुलं ओळखा. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे, तोही 6 ते 14 वयासाठी.

यातली फट दिसली का? शिक्षणाचा हक्क सहा वर्षांपासून. तोही दिव्यांगत्व 40 टक्के असलं तरच. पण मान धरणं, बसणं, ऐकणं, बोलणं हे सगळं सहाच्या आत घडतं. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाचंच बघा. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभर मानला जाणारा हिशेब आहे. आपल्याकडं कितीतरी बाळांचा कान पहिल्यांदा तपासला जातो तो शाळेत नाव घालताना, “हाक मारली तर बघत नाही” म्हणून.

सहाच्या आतल्या मुलांसाठी सरकारची सोय आहे ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, म्हणजे आरबीएसकेची. 2013 पासून हा कार्यक्रम चालू आहे. गाडीतून पथक येतं, त्यात दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी. काही आढळलं तर मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवायचं. आणि यासाठी दिव्यांग प्रमाणपत्राची अट नाही, हे पालकांना कुणी सांगतच नाही. मूल मागं पडतंय एवढं पुरे. अंगणवाडीसाठीही केंद्राने 28 नोव्हेंबर 2023 रोजी दिव्यांग बालकांसाठीची वेगळी कार्यपद्धती जाहीर केली आहे. त्यात अंगणवाडी सेविकेनं ओळखायचं, आशाताईंच्या मदतीनं पुढं पाठवायचं आणि मुलाला अंगणवाडीत सामावून घ्यायचं, असं सगळं आहे.

म्हणजे कागद आहेत. आपलं काम कागद आणि मूल यांच्यातलं अंतर दाखवून देण्याचं.

पहिली पायरी: टेबल ओळखा

आमच्या चौदा मागण्या का बुडाल्या? एकाच मुलाचं काम चार खात्यांत वाटलेलं असतं.

बाळाची तपासणी, निदान, थेरपी हे आरोग्य खात्याचं. जिल्हा परिषदेत जिल्हा आरोग्य अधिकारी, रुग्णालयाच्या बाजूला जिल्हा शल्य चिकित्सक. अंगणवाडी हे महिला व बालविकासचं. गावात सेविका, तिच्यावर पर्यवेक्षिका, तालुक्याला बालविकास प्रकल्प अधिकारी. साध्या शाळेतलं दिव्यांग मूल शालेय शिक्षण विभागाचं, समग्र शिक्षा योजनेतून. केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक आणि वर शिक्षणाधिकारी प्राथमिक. विशेष शाळा मात्र दिव्यांग कल्याण विभागाची. 2022 च्या डिसेंबरपासून राज्यात हा स्वतंत्र विभाग आहे आणि त्याचं आयुक्तालय पुण्यात आहे.

मूल अंगणवाडीतून पहिलीत जातं तेव्हा ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातं. फाईल त्याच्यासोबत जात नाही. माझ्या मुलाची तीन वर्षांची माहिती अंगणवाडीच्या कपाटात राहिली आणि शाळेनं पुन्हा पहिल्यापासून विचारलं, “बाळंतपणात काही त्रास झाला होता का?” ही माहिती आपोआप पुढं जावी, एवढी एकच मागणी घेऊन एखादा गट उभा राहिला तरी मोठं काम होईल. तिला पैसाही लागत नाही.

तर मागणी लिहिण्याआधी वहीत तिच्यापुढं खात्याचं नाव लिहा. नाव लिहिता येत नसेल, तर ती मागणी अजून पिकलेली नाही.

दुसरी पायरी: आपली मुलं आपण मोजा

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात मोलाची. जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 38 लाख 76 हजार होती. पण त्या जनगणनेत दिव्यांगत्वाचे आठच प्रकार विचारले होते. स्वमग्नता त्यात वेगळी नव्हतीच. शाळांची माहिती यूडायस प्लस या सरकारी ऑनलाईन नोंदणीत भरली जाते. तिथं मुख्याध्यापकांनी मुलाच्या नावापुढं दिव्यांगत्वाची नोंद केली नसेल, तर मूल रोज वर्गात बसूनही निधीच्या हिशेबात नसतं. समग्र शिक्षेचा दिव्यांग मुलांसाठीचा निधी माणशी मोजला जातो, वर्षाला मुलामागे 3,500 रुपयांपर्यंत. नोंद राहिली तर तोही नाही. आपल्या मुलाच्या शाळेत जाऊन ही नोंद बघून येणं हे पहिल्याच आठवड्यात करा. “सर, यूडायसला याची नोंद काय भरलीय, दाखवता का?” एवढंच विचारायचं.

पालक शोधायला आम्हाला सगळ्यात उपयोगी पडली दूध संस्था. सकाळी आणि संध्याकाळी अख्खं गाव तिथं येतं. फळ्यावर लिहिलं: ‘बाळ चार महिन्यांचं होऊन मान धरत नाही, नऊ महिन्यांचं होऊन बसत नाही, दीड वर्षाचं होऊन चालत नाही, दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नाही, तर या नंबरवर फोन करा.’ चौथ्या दिवशी एक आजोबा आले. कॅन खाली ठेवली, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, “नातीचं हाय. घरात कुणी बोलत न्हाईत.” त्या मुलीला ऐकू येत नव्हतं. वय पावणेतीन. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांचं कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकण्यासाठी कानात बसवायचं यंत्र) होतं ते पाच वर्षांच्या आत, म्हणजे वेळ हातात होती.

शहरात हेच काम पेठेतली तालीम मंडळं करू शकतात. इचलकरंजीत यंत्रमागाच्या वस्त्यांत दुपारपाळी सुटताना जा. आणि ऊसतोड कामगारांची मुलं विसरू नका. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जातात. त्यांच्या कोपीतलं बाळ ना तिकडच्या अंगणवाडीच्या यादीत, ना इकडच्या. तपासणी पथकानं हंगामात एकदा फडाजवळच्या कोप्यांवर यावं, ही साधी आणि न्यायाची मागणी आहे.

वहीत प्रत्येक मुलाची एक ओळ: गाव, वय, अडचण, पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं ते वय, उपचार कुठं, तिथवर किती किलोमीटर, एका फेरीचा खर्च आणि बुडालेली मजुरी. नाव आपल्या वहीत राहू दे. बाहेर जाणाऱ्या कागदावर फक्त आकडे. मुलाचं नाव, फोटो, आजार हे वर्तमानपत्रात किंवा व्हॉट्सॲपवर जाता कामा नये. पुढं ते मूल मोठं होऊन वाचणार आहे.

तिसरी पायरी: एक पान

दुसऱ्या वर्षी आम्ही एकच मागणी नेली. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट. एकच पान. वर तीन आकडे: 23 मुलं, कोल्हापूरला जाऊन यायला सरासरी अख्खा दिवस, आणि 23 पैकी 14 जणांची थेरपी सहा महिन्यांत सुटलेली. सुटण्याचं कारण पालकांच्याच शब्दांत, ‘एका फेरीला एक मजुरी जाते.’ खाली उपाय: जागा गटसाधन केंद्रातली रिकामी खोली, दिवस बाजाराचा, कारण त्या दिवशी सगळे तालुक्याला येतातच.

विषयाची ओळ सरकारी भाषेत लिहा. ती तशीच फाईलवर चढते. ‘विषय: तालुक्यातील 0 ते 6 वयोगटातील विकासात्मक विलंब असलेल्या बालकांसाठी आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपी सेवा सुरू करणेबाबत.’ संदर्भात कायद्याचं कलम. मजकुरात ‘बिचारी’, ‘दुर्दैवी’, ‘देवाची लेकरं’ असले शब्द नकोत. दयेनं फळवाटप होतं, फोटो निघतो. आपल्याला दरवर्षी चालणारी तरतूद हवी आहे.

दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती परत आणा. शिक्क्याविना दिलेला कागद म्हणजे न दिलेला कागद. भेटीला तिघंच जा: एक आई किंवा वडील, एक आकडे सांगणारा, एक लिहून घेणारा. निघताना विचारा, “साहेब, पुढची फाईल कुणाकडं जाईल आणि आम्ही कधी येऊ?” दोन दिवसांत त्या भेटीचं चार ओळींचं पत्र पाठवा: ‘दिनांक अमुक रोजी झालेल्या चर्चेत आपण असे सांगितले की…’ तोंडी शब्द कागदावर येतो तो असा. साहेबांची बदली झाली तरी तो कागद मागं राहतो.

आम्हाला आठवड्याला मागितलं ते पंधरवड्याला मिळालं. घेतलं. पुढच्या वर्षी हजेरीचा तक्ता घेऊन पुन्हा गेलो.

चौथी पायरी: पैसा कुठल्या पिशवीतून येतो

इथं बरेच गट चुकतात. आमदार निधीतून खोली, रॅम्प, साहित्य अशी कामं होतात. माणसाचा दरमहा पगार त्यातून निघत नाही. तेव्हा आमदारांकडं थेरपिस्टचा पगार मागून त्यांना आणि स्वतःला अडचणीत आणू नका. त्यांच्याकडून दुसरं मोठं काम घ्या: विधिमंडळात तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी. जिल्ह्यात विधानसभेचे दहा मतदारसंघ आहेत, शिवाय पुणे विभागाचे शिक्षक आणि पदवीधर आमदार आहेतच. प्रश्न त्यांना लिहूनच द्या. ‘कोल्हापूर जिल्ह्यात विशेष शिक्षकांची मंजूर, भरलेली व रिक्त पदे किती?’ याला उत्तर द्यावंच लागतं आणि ते छापलं जातं.

हा प्रश्न विचारायला जोरही आहे. 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार प्राथमिकला 10 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे आणि उच्च प्राथमिकला 15 जणांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2025 रोजी राज्यांना ही पदं मंजूर करून भरायला सांगितलं. तुमच्या तालुक्यातली प्राथमिकची नोंदलेली मुलं भागिले दहा, उच्च प्राथमिकची भागिले पंधरा, एवढं गणित पानावर मांडा.

ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गावात हा निधी मार्चअखेर थोडा थोडा वाटून संपतो. त्यातून अंगणवाडीतल्या मुलांच्या थेरपीच्या प्रवासाचा खर्च व्हावा, असा ठराव आपण मांडू शकतो. पण आधी गावातल्या मोठ्या दिव्यांग माणसांशी बोला. तो निधी त्यांचाही आहे. त्यांच्या ताटातलं ओढून आपल्या लेकराला वाढायचं नाही. त्यांच्याकडून शिकायलाही पुष्कळ मिळतं. नसीमा हुरजूक यांनी व्हीलचेअरवरून 1984 मध्ये कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्डचं काम उभं केलं, तेव्हा आजचा एकही कायदा नव्हता.

ठराव ग्रामसभेत मांडायचा, पण त्याआधी महिला ग्रामसभा होते, तिथं बोला. भरल्या ग्रामसभेत आया बोलत नाहीत, तिथं बोलतात. आमच्या गावात ठरावाची सूचक एक आजी होती, जिला मी त्याआधी कधी बोलताना ऐकलं नव्हतं. ठराव इतिवृत्तात चढला का, हे आठ दिवसांनी जाऊन बघा.

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तीच करते. दिव्यांग मुलाच्या पालकानं तिथं शिरायलाच हवं.

वेळ महत्त्वाची. जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक मार्चमध्ये होतं, पण खात्यांचे प्रस्ताव डिसेंबर-जानेवारीत जुळतात. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीचा आराखडाही हिवाळ्यातच ठरतो. फेब्रुवारीत निवेदन नेलं तर “पुढच्या वर्षी बघू” हे उत्तर मिळतं आणि ते खरंही असतं. आमचा हिशेब असा: पावसाळ्यात मोजणी, गणपतीनंतर एक पान तयार, दिवाळी झाली की भेटी.

पाचवी पायरी: आकडे सरकारकडूनच मागा

माहितीच्या अधिकाराचा अर्ज भांडणासाठी नसतो. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांत. ‘का केलं नाही’ असं विचारलं की उत्तर येत नाही, कारण कायद्यात नोंदी मागता येतात, खुलासे नाहीत. आमचा अर्ज असा होता: ‘मागील आर्थिक वर्षात तालुक्यात आरबीएसके पथकांनी तपासलेली 0 ते 6 वयोगटातील बालके, विकासात्मक विलंब आढळलेली बालके, संदर्भित केलेली बालके व प्रत्यक्ष जिल्हा केंद्रात पोहोचलेली बालके यांची संख्या.’ संदर्भित, म्हणजे पुढं पाठवलेली, आणि पोहोचलेली या दोन आकड्यांतल्या फरकात आपली अख्खी मागणी आहे. उत्तराला 30 दिवस. नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांच्या स्टॅम्पवर.

आणखी एक मागा: हक्क अधिनियमाच्या कलम 72 प्रमाणे जिल्हास्तरीय समिती असते, तिच्या गेल्या तीन बैठकांची इतिवृत्तं. बैठक झालीच नसेल, तर ती घ्यावी हीच पहिली मागणी.

अडलं तर

एका मुलाची तक्रार आणि सगळ्या मुलांची मागणी यांच्या वाटा वेगळ्या आहेत. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात प्रमाणपत्र अडलं, शाळेनं प्रवेश नाकारला, अशी वैयक्तिक तक्रार जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनात नेता येते. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. धोरणाची मागणी तिथं घेत नाहीत, ती नेऊन एक महिना घालवू नका. कायद्याचा भंगच होत असेल तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडं लेखी तक्रार करा, सोबत शिक्क्याच्या सगळ्या प्रती जोडा. त्या वेळी ते शिक्के कामी येतात.

त्यापुढची पायरी न्यायालयाची. तीही आता जवळ आली आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात चालू झालं. त्यासाठी सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी चाळीसहून अधिक वर्षं पाठपुरावा केला. टोलविरोधात हे शहर रस्त्यावर उतरलं होतं, तेही आपण पाहिलंय. मोर्च्याला मी नाही म्हणत नाही. पण आमची मुलं तासन् तास उन्हात बसू शकत नाहीत आणि त्यांना गर्दीत दाखवायला मला आवडत नाही. शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला होता. त्याच गावात आज पालक मुलाला घेऊन शाळेच्या दारात उभा आहे, हे मी प्रत्येक भेटीत सांगते. समोरचा ऐकतो.

मंजुरीचं पत्र हातात आलं की पेढे वाटा, पण वही बंद करू नका. एप्रिलमध्ये जाऊन विचारा, मंजूर झालेले पैसे 31 मार्चच्या आत खर्च झाले का परत गेले. थेरपीच्या दिवशी खोली उघडी असते का, हे दर पंधरवड्याला एका पालकानं बघायचं आणि वहीत तारीख टाकायची. आमच्या वहीत या वर्षी दोन तारखांपुढं ‘कुलूप’ लिहिलंय. त्या दोन ओळींची झेरॉक्स पुढच्या भेटीच्या पानाला जोडून ठेवली आहे.